बूथ बांधला, तरी कचरागाडी आत येतेच

आमच्या राजेंद्रनगरात सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण घरच्या बूथमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी केलेल्या बंद खोलीत, रेकॉर्ड केलेल्या राजा-राणीच्या गोष्टीमागे तेच गाणं बारीक आवाजात वाजायला लागलं, तेव्हा लोकमान्यनगरातल्या एका काकूंचा मला फोन आला. "अरे, महिनाभर सुतार घरात होता. भिंतीला इतका फोम लावलाय की खोली गादीसारखी दिसते. मग हे आत आलं कुठून?"

माझं मूळ काम वायरिंगचं. आधी आवाजाच्या सिस्टिमची दुरुस्ती करायचो, त्यातून घरगुती व्हॉइसओव्हर बूथच्या तक्रारी यायला लागल्या. गेल्या काही वर्षांत असे बरेच बूथ उघडून पाहिले. बिघाड दरवेळी जवळजवळ तोच निघतो. बाहेरचा आवाज अडवणं आणि आतला आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात. अडवायला वजन आणि बंद फटी लागतात, शोषायला मऊ आणि जाड माल. फोम मऊ असतो, वजनाला काहीच नसतो. त्यामुळे तो कचरागाडी अडवत नाही, आणि अंड्याचे ट्रे तर दोन्हीपैकी एकही काम धड करत नाहीत.

आधी लक्षण ओळखा

रेकॉर्डिंग कान झाकणाऱ्या हेडफोनवर ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालची घरघर ऐकूच येत नाही, आणि मग "माझ्याकडे तर स्वच्छ येतंय, क्लायंटच कटकट्या आहे" असा समज होतो.

आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, "ओ", "म", "ब" फुगतात: आतलं घुमणं.

बाहेरचं बोलणं, हॉर्न, गाण्याचे शब्द कळतात: फट.

बाहेरचे शब्द कळत नाहीत, नुसतं "दुम्म" किंवा ट्रकची घरघर येते: भिंत हलकी आहे, किंवा जमिनीतून हादरा येतोय.

एकसुरी "घूंऽऽ", कोणी चालो-बोलो, कमीजास्त होत नाही: वीज.

सतत "स्स्स": गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) जास्त, किंवा पंखा-एसीची हवा.

ठरावीक वेळी सुरू होतं, ठरावीक वेळी थांबतं: फ्रिज, पाण्याची मोटर, शेजारचा कूलर.

पहिली पंधरा-वीस मिनिटं छान जातात, मग वाचनात चुका वाढतात, डोकं जड होतं, आवाज बसतो: हवा. हे लक्षण कुणी मला सांगत नाही, विचारावं लागतं. लोक त्याला थकवा समजतात.

बहुतेक ठिकाणी दोन-तीन लक्षणं एकत्र असतात. तरी सगळी एकदम निपटायला जाऊ नका. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फायदा कशाने झाला ते कळत नाही, आणि नुकसान कशाने झालं ते तर मुळीच नाही.

फुकटची तपासणी: तीस सेकंद गप्प बसा

रोज रेकॉर्ड करता तसंच सगळं ठेवा. दार बंद, दिवा चालू, लॅपटॉप जागेवर. आत बसून तीस सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा, मग त्याच गेनवर एक परिच्छेद वाचा. फाइलला तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हेच करायचं आहे.

ऑडिओबुकसाठी एसीएक्सचे (ऑडिबलच्या ऑडिओबुक-व्यासपीठाचे) निकष बरेच जण प्रमाण मानतात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डीबी (डेसिबल; शून्य ही सर्वांत मोठी पातळी), सर्वांत उंच टोक उणे ३ च्या खाली, आणि शांततेतला गोंगाट उणे ६० डीबी किंवा त्याहून कमी. इथे एक गफलत मी पुन्हा पुन्हा पाहतो. कच्च्या रेकॉर्डिंगची शांतता उणे ६६ दिसते, माणूस खूश होतो. पण वाचलेला आवाज उणे ३० ला असतो. तो उणे २० वर आणायला सगळं १० डीबीने उचललं की शांतताही वर येते, उणे ५६ होते, आणि फाइल परत येते. म्हणून आधी आवाज हव्या त्या पातळीला आणा, शांतता तेवढीच उचला, आणि मग मोजा.

गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर लावून हा आकडा गाठता येतो, हे मला माहीत आहे. दोन-चार डीबीची सफाई असेल तर करा. त्यापुढे गेलात की "स" आणि "श" पाण्याखाली गेल्यासारखे होतात, आणि मराठीत "स-श"चा घोळ झाला की श्रोता लगेच पकडतो.

घराचं वेळापत्रक

एक दिवस वही घेऊन बसा आणि कोणता आवाज किती वाजता येतो ते लिहा. इंदुरात नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. नळ आले की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. तो तास रेकॉर्डिंगचा नाहीच. महूकडच्या रुळांजवळ राहणाऱ्यांनी गाड्यांच्या वेळा भिंतीवर लावाव्यात. रंगपंचमीला राजवाड्याजवळ राहून गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी काम करायचा हट्ट धरू नये, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री तर नाहीच. या आवाजांवर बूथ हा उपाय नाही, सुट्टी हा आहे.

फ्रिज बंद करून रेकॉर्ड करत असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर निघताना किल्ली शोधाल, आणि फ्रिज चालू करायचं आठवेल. हे मी एकदा साडेतीन लिटर दूध नासल्यावर शिकलो.

ही नोंद आधी करायचं कारण साधं आहे: ज्या आवाजाची वेळ बदलता येते त्यासाठी भिंत बांधायची नसते. तीन जणांचा बूथचा बेत मी या वहीवर रद्द करवला आहे. तिघेही आता पहाटे पाच ते सात काम करतात आणि मग पोहे-जिलबी खायला मोकळे.

माइक कुठे आहे

तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर ठेवा. दीड फुटावरून वीतभर अंतरावर आलात की तुमचा आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, खोलीचा आणि रस्त्याचा आहे तेवढाच राहतो. म्हणजे गेन तेवढा खाली आणता येतो. सहा डीबी भिंतीतून मिळवायचे तर तिचं वजन दुप्पट करावं लागतं. इथे खुर्ची पुढे सरकवली की मिळतात. वीतभरापेक्षा जवळ गेलात तर मात्र "प" आणि "ब"चे फटके बसतात आणि खालचा स्वर फुगतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा बाजूला ठेवा, म्हणजे फुंकर त्याच्या शेजारून जाईल.

कार्डिऑइड माइक पाठीमागून कमी ऐकतो, म्हणून माइकची पाठ गोंगाटाकडे हवी. निम्म्या घरांत उलटं असतं: माणूस दाराकडे पाठ करून बसतो, म्हणजे माइकचं तोंड थेट दाराकडे.

"स्स्स" असेल आणि माइक डायनॅमिक (सिग्नल क्षीण देणारा प्रकार) असेल, तर आधी इंटरफेसकडे (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याकडे) पाहा. शूअर एसएम७बीसारख्या माइकला ६० डीबीच्या आसपास गेन लागतो. स्वस्त इंटरफेस तिथपर्यंत जाता जाता स्वतःच सुसाट्यासारखा वाजायला लागतो. बूथ फोडण्याआधी ओळखीच्या कुणाचा तरी इंटरफेस एका संध्याकाळपुरता मागून आणा.

घूंऽऽ: इथे माझी खरी नोकरी

लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं गेली? मग तुमच्या फोमचा, दाराचा, भिंतीचा काही दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घूं ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर दिसते. सॉफ्टवेअरमध्ये आलेख उघडलात तर तिथे सुळके उभे दिसतील.

मग एकेक करून: इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. माइकची केबल बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची, वाटेतली घूं छाटणारी) आहे ना पाहा, आणि ती चार्जरच्या वायरीशेजारून नेऊ नका. आतला एलईडी दिवा बंद करून पाहा, स्वस्त ड्रायव्हर घाण करतात. शेजारच्या खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर एकदा पूर्ण चालू, एकदा पूर्ण बंद करा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच घूं वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा असणार.

घूं घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पिन कापून घूं जाते हे खरं, आणि बिघाड झाला तर वीज तुमच्या ओठातून जाते हेही खरं.

इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा: माइकला किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात अथवा ओठ लागल्यावर मुंग्या येत असतील, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांत मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, किंवा सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नसेल. जुन्या घरांत शेवटचं सर्रास असतं, तिसरं भोक नुसतं शोभेला. हे स्वतः करू नका. मी वायरमन आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

पिंपातला आवाज: आजीच्या गोधड्या

पैसे घालण्याआधी घरातल्या जाड गोधड्या, रजया, गाद्या गोळा करा. दोन गोधड्या बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, कारण माइक बोलणाऱ्याकडे पाहतो, म्हणजे त्याच्या पाठच्या भिंतीकडेच पाहतो. एक डोक्यावर छतासारखी. भिंतीला चिकटवू नका, चार-सहा इंच अंतर राहू द्या. पुन्हा तीस सेकंद आणि एक परिच्छेद. आवाज उघडला तर निदान पक्कं झालं.

आता याचं कारण, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून फुगतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. चार फुटांच्या अंतरात पहिला अडकणारा सूर १४१ हर्ट्झच्या आसपास, पाच फुटांत ११३, सात फुटांत ८०. पुरुषाच्या बोलण्याचा पायाच साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये. म्हणजे चार बाय पाच बाय सातचा खोका तुमच्याच आवाजाच्या मुळाशी घुमतो. मोठ्या खोलीत हे सूर खाली उतरतात, त्रास कमी होतो. म्हणून "जितका छोटा बूथ तितका शांत" ही समजूत घुमण्याच्या बाबतीत उलटी आहे. आणि पाच बाय पाचचा चौकोनी बूथ तर करूच नका, लांबी-रुंदीचे दोन्ही सूर एकाच जागी येऊन बसतात.

११३ हर्ट्झचा पाव तरंग जवळपास अडीच फूट लांब. त्याच्यापुढे एक इंचाचा फोम म्हणजे पुरासमोर पायपुसणं. तो फक्त वरचे बारीक सूर खातो. मी माझ्या पहिल्या बूथला चारी भिंती, छत, दार, सगळीकडे एक इंची फोम चिकटवला होता. आवाजातली चमक गेली, ढमढम तशीच राहिली. वर्षभर मला लोक विचारत होते, सर्दी झालीय का.

उपाय जाडीचा आहे. दोन-दोन इंचांचे रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंचे) स्लॅब एकावर एक ठेवून चार इंच करा, घनता ४८ किलो प्रतिघनमीटरची पुरते. लाकडी चौकटीत भरा, कोपऱ्यांत उभे करा, मागे थोडी पोकळी सोडा. वरून कापड असं लावा की तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर पलीकडे जाईल. सनमायका, रेक्झिन, प्लास्टिक लावलंत तर बारीक सूर तिथूनच परत फिरतात. क्लॉथ मार्केटमध्ये मी कापडाच्या दुकानात फुंकर मारत फिरतो तेव्हा लोक बघतात, बघू द्या. रॉकवूल भरताना हातमोजे आणि मास्क घाला आणि तंतू बाहेर येणार नाहीत असं झाका. लोकमान्यनगरच्या काकूंकडे आम्ही सुरुवातीला रॉकवूल घेतलंच नाही, घरातल्या तीन जुन्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. घुमणं तेवढ्यानेच निम्म्यावर आलं.

स्वस्त पॅकिंग फोम आणि अंड्यांचे ट्रे यांबद्दल आणखी एक. दोन्ही भुर्रकन पेटतात, आणि फोमचा धूर विषारी असतो. एकच दार असलेल्या खोक्यात, डोक्याशी गरम दिवा लावून, त्यांच्यामध्ये बसू नये.

दार

काकूंची कचरागाडी दारातून येत होती. दहांतल्या सात बूथांत दारच दोषी असतं, असा माझा अंदाज आहे.

रात्री बाहेरचे दिवे बंद करा, बूथमध्ये प्रखर दिवा लावा, दार ओढून घ्या आणि बाहेरून पाहा. प्रकाशाची रेघ दिसली तिथून आवाज येतो. मग कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर तिथे दबत नाही. चारी बाजूंनी, प्रत्येक वीतभर अंतरावर करा. दहा मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही.

एवढ्याशा फटीने काय होतं? हिशेब करून दाखवतो, कारण सुतार यावर कधीच विश्वास ठेवत नाही. दाराकडची बाजू चार बाय सात फूट, म्हणजे ४,०३२ चौरस इंच. दार तीस इंच रुंद, खाली अर्धा इंच फट: १५ चौरस इंच. हजारात चार भागसुद्धा नाही. पण एवढ्याने ती बाजू साधारण २४ डीबीच्या वर आवाज अडवूच शकत नाही, मग बाकी भाग विटांचा करा की लोखंडाचा. एक टक्का उघडी राहिली तर २० डीबी. भोक पडलेल्या बादलीचा पत्रा जाड करून पाणी थांबत नाही, तसंच हे.

दुरुस्तीचा क्रम असा. पहिल्यांदा चौकटीच्या तिन्ही बाजूंना दबणारं पोकळ रबर बीडिंग. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं. जाडी दोन-तीन प्रकारची आणून कागदाच्या पट्टीने तपासा. फार जाड घेतलंत तर दार लागत नाही आणि बिजागरीकडची बाजू उलट उघडी पडते. दुसरं, कडी. साधी कडी दार नुसतं अडकवते, दाबत नाही. तिरप्या खाचेत सरकून दार आत ओढून घेणारा हँडल हवा, शीतगृहाच्या दाराला असतो तसा. तिसरं, खालची फट. लाकडी उंबरा बसवा आणि त्याला रबर. उंबरा नको असेल तर दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी मिळते, थोडी महाग. ब्रशची पट्टी लावू नका, केसांमधून आवाज आरामात जातो.

एवढं झाल्यावरच दाराच्या वजनाकडे वळा. फ्लश डोअर टकटक करून पाहा. पोकळ वाजलं तर त्यावर १८ मिलिमीटर प्लायचा आणखी एक थर स्क्रूने बसवा, आणि बिजागऱ्या तीनच्या चार करा, नाहीतर महिनाभरात दार खाली बसेल आणि फट परत येईल. हे माझ्याकडून झालेलं आहे. सुदामानगरातल्या त्या भाऊंनी मला दोनदा फुकट बोलावलं आणि त्यांचं बरोबर होतं.

तरीही पुरेसं झालं नाही तर एकच दार आणखी भारी करत बसण्यापेक्षा मध्ये हाताभर अंतर सोडून दुसरं दार लावा. आकाशवाणीच्या स्टुडिओंत आत जाताना अशीच दोन भारी दारं लागतात, मधे छोटी मोकळी जागा. आपल्या इंदूरचं आकाशवाणी केंद्र, मालवा हाउस, १९५५ पासून चालू आहे. तिथे आवाज देऊन निवृत्त झालेल्या एका काकांनी मला पहिल्यांदा समजावलं की दोन दारं कधीही एकदम उघडायची नसतात. घरी जागा नसेल तर खोलीचं दार हेच पहिलं दार समजा आणि त्यालाही रबर लावा.

बाकीची भोकं

वायर येते ते भोक, एसीच्या पाइपाभोवतीची जागा, पाठीला पाठ लावून बसवलेले स्विच बॉक्स, प्लायच्या सांध्यातल्या रेघा. लवचिक सीलंट भरा. फुगणारा स्प्रे फोम वापरू नका. भोक भरलेलं दिसतं, पण त्याला वजन नसल्यामुळे आवाजाला ते जवळपास उघडंच असतं.

हादरा

"दुम्म" ऐकू येतं आणि फटी बंद आहेत, तर आधी भिंतीला कान लावा, मग बूथच्या प्लायला, मग माइकच्या स्टँडला. जिथे मोठं ऐकू येतं तिथून वाट शोधा. स्टँड टेबलावर असेल तर जमिनीवर घ्या, खाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या तीन-चार घड्या ठेवा, माइकला शॉक माउंट (रबरावर टांगणारा पाळणा) लावा. रेकॉर्डिंगमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापा, बोलण्यात तिथे कामाचं फारसं नसतं. बूथ घराच्या भिंतीला किंवा छताला कुठे टेकलेला नाही ना, हे पाहा. पूर्ण सुटा उभा केलेला बूथ आणि सुताराने "हलू नये म्हणून" भिंतीत मारलेला एक लांब स्क्रू: अख्खी मेहनत त्या स्क्रूतून गळते.

हवा

फटी बंद केल्यात म्हणजे हवाही बंद केलीत. चार बाय पाच बाय सातच्या बूथमध्ये साधारण चार हजार लिटर हवा मावते. शांत बसलेला माणूस तासाला अठराएक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत चारशेच्या पुढे असतो. बंद बूथमध्ये अर्ध्या तासात अडीच हजारांच्या वर पोचतो. डोकं जड होणं, जांभया, वाचनात अडखळणं तिथूनच. शिवाय माणूस शंभरेक वॉटच्या दिव्याइतका तापतो, आणि मे महिन्यात बाहेर बेचाळीस.

तात्पुरतं: वीस मिनिटांनी दार उघडा, पाच मिनिटं बाहेर या. फुकट आहे आणि बहुतेकांना एवढंच पुरतं. रोज तास-दोन तास काम असेल तर हवा यायला एक आणि जायला एक वाट करा, दोन्ही लांब पेटीतून, आत नागमोडी वळणं आणि पेटीला आतून मऊ अस्तर. पंखा बूथच्या भिंतीवर नको, पेटीच्या बाहेरच्या टोकाला, मोठा आणि हळू फिरणारा. वाट अरुंद केलीत की हवा शिट्टी मारते.

शेवटचं आणि महागडं: वजन, खोलीत खोली

इथपर्यंत सगळं करूनही ट्रक, डीजे, वरच्या मजल्यावरची पावलं येतात, तरच भिंतीकडे वळा. भिंतीचं वजन दुप्पट केलं की सिद्धान्तात ६ डीबी मिळतात, प्रत्यक्षात थोडे कमी. त्याच मालाच्या दोन सुट्या भिंती, मध्ये पोकळी, पोकळीत रॉकवूल, आणि दोघींचा एकमेकींना कुठे स्पर्श नाही, याने बरंच जास्त मिळतं. जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे. याहून पुढे हौशी हातांचं काम नाही.

इथे थांबा, विचारल्याशिवाय एक वीट लावू नका: बूथ वरच्या मजल्यावर असेल आणि विटांची भिंत घालायचा विचार असेल. साडेचार इंची, दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी एक भिंत प्लास्टरसकट दोन टनांच्या वर जाते. घराच्या स्लॅबवर माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरलेला असतो. रामबागेतल्या एका जुन्या वाड्यात लाकडी तुळयांवर असा बूथ उभा करायचं ठरलं होतं. मी टेप गुंडाळली आणि म्हटलं, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग मी. त्यांनी एका भेटीत नाही म्हटलं. बूथ तळमजल्यावर कोठीच्या खोलीत झाला, आणि तीन बाजूंनी जुन्या दोन फुटी भिंती आयत्या मिळाल्या.

घूं, फटी, हवा सगळं तपासून झालं आणि तरी शांततेचा आकडा उणे ५० च्या वर अडकलाय, किंवा तुम्ही लाखाच्या घरात खर्च करायला निघालाय, तर ध्वनीशास्त्र शिकलेल्या सल्लागाराची एक भेट घ्या. त्याची फी चुकीच्या मालापेक्षा कमी असते. जो माणूस तुमच्या खोलीत न येता फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगतो तो सल्लागार नव्हे, फोम विकणारा.

जाताना तारखा घातलेल्या त्या तीस सेकंदांच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन जा, आणि वेळांची वहीही. काकूंच्या शेवटच्या फाइलीत शांतता उणे ६३ आहे. बावीस सेकंदांवर गाडी येऊन गेली, हे मला माहीत होतं म्हणून हेडफोन लावून ऐकलं. एक बारीकशी घरघर आहे, गाणं नाही.